शीलाद्रुजेची बाधा

पिवळ्या हळदीचं लालभडक कुंकू झालं आणि अख्ख्या हॉलने एकदम श्वास आत ओढला.

ही दोन हजार सहा सालची संक्रांत. जर्मनीतल्या इंगोलश्टाटमधला चर्चचा भाड्याचा हॉल, बाहेर घोटाभर बर्फ, दाराशी बुटांचा ढीग, आणि आत आमच्या मराठी मंडळाचं हळदीकुंकू. एरवी या कार्यक्रमाला तीस-चाळीस माणसं आली तरी पुष्कळ. तुर्की दुकानातून आणलेल्या तिळाचा तिळगूळ घ्यायचा, प्लास्टिकच्या डब्याचं वाण घ्यायचं, पोरांनी जर्मन उच्चारात म्हटलेल्या मराठी गाण्याला टाळ्या वाजवायच्या आणि पुरीभाजी खाऊन घर गाठायचं. त्या दिवशी मात्र म्युनिकहून, न्यूर्नबर्गहून गाड्या भरून लोक आले होते. खुर्च्या पुरल्या नाहीत. कारण स्टेजवर चौरंग होता आणि चौरंगावर अरुंधतीमाई.

माई पन्नाशीच्या, पुण्याकडच्या. अंगावर केशरी रेशमी साडी, केस मोकळे, आणि साडीखाली जाड लोकरी मोजे. देवी अंगात आली तरी पायांना थंडी वाजत असावी. पुढ्यात चांदीच्या डबीत हळद, डाव्या-उजव्या हाताला एकेक तांब्याचा गडू, गडूत तीर्थ. बाई पुढे गेली की माई तिच्या तळहातावर चिमूटभर हळद ठेवायच्या, काहीतरी पुटपुटायच्या आणि गडूतले चार थेंब टाकायच्या. हळद लाल झाली तर देवी प्रसन्न. पिवळीच राहिली तर दोष.

मुळात त्यांचा मोठा चमत्कार होता म्हणे नारळ आपोआप पेटवायचा. पण हॉलच्या छताला धूर दिसला की बोंबलणारं यंत्र, आणि हॉल सांभाळणारा हाउसमाइस्टर मोठा कडक. आग लावायची नाही म्हणाला. देवीने मुकाट्याने ऐकलं.

माईंचं बोलणं मात्र ऐकत राहावं असं. म्हणायच्या, "लेकरांनो, तुमच्या प्रत्येक पेशीत एक अँटेना आहे. ती गंजली आहे. माई फक्त ट्यूनिंग करते." यावर समोर बसलेले मोटारींच्या कारखान्यातले इंजिनिअर माना डोलवत होते. माझ्या मुलासकट, नागेशसकट. गाडीत कुठे बारीक खुटखुट झाली तर ही माणसं आठ-आठ दिवस तिचं कारण शोधत बसतात. इथे डोळ्यांदेखत हळद लाल झाली, तर एकानेही गडूत डोकावून बघितलं नाही.

एका मुलाला माई म्हणाल्या, तुझा कागद एका सरकारी इमारतीत अडकला आहे. तो रडायलाच लागला. आता जर्मनीत कागद अडकला नाही असा एक भारतीय मला दाखवा. मी मागच्या रांगेत बसून हे सगळं मनातल्या मनात मोजत होते आणि गालातल्या गालात हसत होते.

आणि मग माईंनी मागच्या रांगेकडेच बोट केलं.

"एक लेकरू बसलंय तिथे. दोन जीवांचं. ये, बाळ."

माझ्या शेजारी माझी सून बसली होती, मुक्ता. तिला तिसरा महिना होता. आदल्या वर्षी एकदा दिवस राहिले होते आणि गेले होते, म्हणून या वेळी तिने आणि नागेशने कुणालाही सांगितलं नव्हतं. तिची आई तिकडे नाशिकला, तिलासुद्धा नाही. घरात फक्त मला ठाऊक. मुक्ता झोपेत चालावं तशी उठली आणि पुढे गेली.

माईंनी तिचा हात हातात घेतला. म्हणाल्या, मागच्या साली एक पाखरू उडून गेलं, हो ना? मुक्ताचे डोळे भरले. मग माईंची मान गरागरा फिरायला लागली, आवाज घोगरा झाला. "गळ्याशी कोण बसलंय गं तुझ्या? नाव सांग. सांग नाव. काय म्हणतेस? शीलाद्रुजा? शीलाद्रुजा!"

मुक्ताचा हात आपोआप गळ्याकडे गेला. आणि खरं सांगते, माझंही हसू तिथेच गोठलं.

कारण मुक्ताला गळ्याचं दुखणं होतंच. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून रोजची गोळी लावली होती, बाळासाठी ती फार गरजेची म्हणून बजावलं होतं. मुक्ता थायरॉइड म्हणाली असती तर मलाही कळलं असतं, आमच्या विट्याला निम्म्या बायकांना असतो. पण आमची सून इथे शिकलेली, इथेच नोकरीला लागलेली, तिच्या तोंडात डॉक्टरकडचे शब्द जर्मनच येतात. ती नागेशला सांगत होती तेव्हा मी ऐकलं होतं, शीलाद्रुजा. मला वाटलं, चला, दुखण्याचं नाव तरी घरंदाज आहे, गिरिजा-वनजासारखं.

आणि आता तेच नाव या बाईच्या तोंडून. जिला जर्मन भाषेतलं हो-नाही, या-नाईनसुद्धा येत नाही, तिच्या तोंडून.

माईंनी मुक्ताच्या हातावर हळद ठेवली, तीर्थ टाकलं. हळद पिवळीच राहिली. हॉलमध्ये कुजबूज उठली. माई म्हणाल्या, परक्या देशाची गोळी खाऊन ही शीलाद्रुजा पोसली जाते आहे. गोळी बंद कर. मंगळवार धर. रथसप्तमीला मी परत इथेच आहे, तेव्हा ये, तुझी हळद लाल होते की नाही बघ.

मुक्ता माझ्याजवळ येऊन बसली. तिचा पिवळा हात मांडीवर उघडाच होता, मिटायचं तिला भान नव्हतं.

आता वासंतीबद्दल सांगायला हवं. माईंना इथे आणलं ते तिने. आमच्या मंडळाचे सगळे कार्यक्रम तीच करते. गणपती, दिवाळीचा फराळ, पोरांचं नाटक, उन्हाळ्यात डोनाउ नदीच्या काठावरची सहल, हॉल ठरवण्यापासून पुऱ्या लाटण्यापर्यंत सगळं वासंती. पंचवीस वर्षं झाली तिला या देशात. आमचे हे गेल्यावर मी नागेशकडे आले, तेव्हा मला इथली लिफ्ट कळत नव्हती की बसचं तिकीट. नागेश आणि मुक्ता सकाळी जे जायचे ते अंधार पडल्यावर यायचे, मुक्ता तर रोज गाडीने म्युनिक गाठायची. दिवसभर भिंतींशी बोलायचं. अशात वासंती आली, पिठल्याचा डबा घेऊन. बसचं कोणतं बटण दाबायचं ते तिने शिकवलं. कोथिंबीर कुठे मिळते ते तिने दाखवलं. मग रोज दुपारी तिचा फोन. मला मुलगी नाही. मी तिला मुलगी मानलं, आणि माझ्या जुन्या लुगड्यांची गोधडी शिवून दिली. माझ्या हातची गोधडी मी सख्ख्या पुतण्यांनाही सहसा देत नाही.

म्हणून माईंवर शंका आली तरी वासंतीवर येणं शक्यच नव्हतं. माई तिच्याच घरी उतरल्या होत्या. मला वाटलं, बिचारी भोळी आहे, फसली आहे.

पुढच्याच आठवड्यात एका सकाळी मुक्ता उठली आणि म्हणाली, आई, चहा टाकता? मी चहा टाकला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी आधण ठेवता ठेवता माझा हात थांबला. ती गोळी उपाशीपोटी घ्यायची असते, आणि घेतल्यावर अर्धा तास चहा नाही. त्या अर्ध्या तासाला मुक्ता रोज कुरकुरायची, घड्याळाकडे बघत ओट्याशी उभी राहायची. आता कुरकूर नाही, घड्याळ नाही, उठल्या उठल्या चहा.

मी गॅस बंद केला. "गोळी सोडलीस?"

ती कप विसळायला लागली.

"नागेशला माहीत आहे?"

"नाही," ती म्हणाली. "आई, रागावू नका. मागच्या वेळी सगळं डॉक्टरच्या मनासारखं केलं होतं. वेळेवर जेवले, वेळेवर झोपले. तरी गेलं. मग आता दुसऱ्या कुणाचं ऐकून बघितलं तर काय बिघडलं?"

मी तिला म्हटलं, अगं, त्या बाईला काय कळतंय. तर ती म्हणाली, "तिला जर्मन येत नाही आई, तरी तिने नाव घेतलं. जिभेला वळण नाही तिच्या, जरा वेडंवाकडं म्हणाली, पण घेतलं."

"वेडंवाकडं कुठे?" मी म्हटलं. "बरोबर तर म्हणाली. शीलाद्रुजा."

"शीलाद्रुजा नाही हो आई. शिल्डड्र्यूझे."

"म्हणजे?"

"म्हणजे शिल्ड, ढाल. ढालीसारखी ग्रंथी. शिल्ड-ड्र्यूझे."

"मग शीलाद्रुजा कोण?"

"कुणीच नाही. असा शब्दच नाही."

मी तिथे स्टुलावर बसले. असा शब्दच नाही. जर्मनीत नाही, मराठीत नाही, देवाच्या भाषेत नाही. तो शब्द जगात एकाच ठिकाणी होता, माझ्या तोंडात. माझ्या कानांनी चुकीचा ऐकला आणि माझ्या जिभेने तसाच ठेवून दिला. देवी सगळं जाणणारी असती तर तिला दुखण्याचं खरं नाव कळायला हवं होतं. तिला माझी चूक कशी कळली?

आणि मी तो शब्द माझ्या घराबाहेर एकाच माणसाजवळ बोलले होते. दुपारच्या फोनवर. मुक्ताला दिवस आहेत, मागच्या वेळी असं झालं, आता शीलाद्रुजा निघाली आहे, माझा जीव थाऱ्यावर नाही, कुणाला बोलू नकोस हं वासंती. ती म्हणाली होती, काकू, तुमचं माझं वेगळं आहे का?

मी हे मुक्ताला सांगितलं. तिचा विश्वास बसेना. वासंतीकाकू असं करणार नाहीत, माईंनी तुमच्या मनातलं वाचलं असेल, म्हणून तुमच्या शब्दात सांगितलं असेल. असं असतं. भीती बसली की शहाणं माणूस स्वतःच भोंदूची वकिली करतं. रात्री नागेशला कळलं, तो पाया पडायचा बाकी राहिला. मुक्ता एवढंच म्हणाली, रविवारी रथसप्तमीचा कार्यक्रम आहे. रविवारी हळद लाल झाली तरी आणि नाही झाली तरी, मी ठरवीन. तोवर मला सोडा.

म्हणजे रविवारपर्यंत गोळी नाही. तिच्या पोटातल्या जिवाला हे रविवारचं राजकारण काय कळणार होतं?

मी दुसऱ्या दिवशी दुपारी वासंतीच्या फोनची वाट बघितली. तो आलाच, नेहमीच्या वेळेला, नेहमीच्या गोड आवाजात. मी म्हटलं, वासंती, एक गोष्ट मनात सलते आहे, तुलाच सांगते. आमच्या घरी यमुना होती. यांचा तिच्यावर फार जीव. सगळं घर तिच्या जिवावर उभं होतं म्हण ना. बाळंतपणात अडली आणि माझ्या मांडीवर मान टाकून गेली. तेव्हापासून घरात कुणाचं बाळंतपण म्हटलं की मला तीच दिसते.

यातला एक शब्द खोटा नव्हता, हे ध्यानात ठेवा. मी खोटं बोलत नाही, मला कधी गरज पडली नाही.

वासंती म्हणाली, "अरेरे. कुणाला म्हणजे कुणाला बोलणार नाही, काकू."

फोन ठेवल्यावर मी देवापाशी हात जोडले आणि म्हटलं, माझा संशय खोटा ठरू दे. रविवारी त्या बाईच्या तोंडून यमुना निघू नये. मी वासंतीची माफी मागीन, पाय धरून मागीन.

रथसप्तमीला पुन्हा तोच हॉल, पुन्हा बुटांचा ढीग, या वेळी त्याहून मोठा. वासंती दारात उभी राहून सगळ्यांना अत्तर लावत होती. चेहरा नुसता उजळलेला. शुभा म्हणून आमच्यातलीच एक, ती माझ्या कानाशी म्हणाली, माई इकडे केंद्र काढणार आहेत, सगळ्या युरोपचं, आणि वासंतीताईंना त्याच्या प्रमुख करणार आहेत. माई पैसा घेत नाहीत असं जो तो सांगत होता. खरं आहे, नव्हत्या घेत. त्यांना माणसं हवी होती. आणि वासंतीला नुसतं पुऱ्या लाटून कंटाळा आला असावा.

माईंनी चार-पाच जणींची हळद लाल केली आणि मुक्ताला बोलावलं. या वेळी मीही तिच्याबरोबर स्टेजवर गेले. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण मला अडवायची कुणाची छाती नव्हती.

माईंनी डोळे मिटले. मान फिरली. मी वासंतीकडे बघत होते. ती माझ्याकडे बघत नव्हती.

"या घरात एक बाई बाळंतपणात गेली आहे," माई म्हणाल्या. "यमुना. यमुना तिचं नाव."

ही बातमी मला नको होती. मी जिंकले होते, पण मला जिंकायचं नव्हतं.

मुक्ता चमकून माझ्याकडे बघायला लागली. मी तिचा दंड धरला आणि माईंना अगदी नम्रपणे विचारलं, "माई, दिसते का हो ती तुम्हाला?"

"स्पष्ट दिसते."

"काय नेसली आहे?"

"हिरवं लुगडं. कपाळावर ठसठशीत कुंकू. दारात उभी आहे. डोळ्यांत पाणी आहे."

"गोरी की सावळी?"

"गोरी. नाजूक. घरंदाज."

"आणि काय म्हणते?"

माईंचा आवाज घोगरा झाला. "म्हणते, मला या घराने न्याय दिला नाही. माझी कूस रिकामी राहिली, हिचीही रिकामी ठेवीन."

मी सगळ्यांकडे तोंड केलं.

"यमुना आमची म्हैस होती," मी म्हटलं. "मुऱ्हा जातीची. आमचा दुधाचा धंदा होता विट्याला. रंग काळा कुळकुळीत. तिला लुगडं कुणी नेसवलं ते मला ठाऊक नाही."

मग मागून एक पोरगी आपल्या आईला विचारत होती, वास इस्ट म्हैस, म्हैस म्हणजे काय, आणि आईने सांगितलं, आणि ती पोरगी खदाखदा हसली. मग सगळा हॉल हसला. नागेशही हसला, डोळे पुसत.

माई कच्च्या नव्हत्या. म्हणाल्या, आत्म्याला देह नसतो, पशू काय आणि माणूस काय. मी म्हटलं, असेल बाई, पण कुंकू? त्यांनी घाईने मुक्ताचा हात ओढला, हळद ठेवली आणि गडू उचलला. "शब्दावर विश्वास ठेवू नका. हे बघा. हे काय म्हैस करते आहे?"

हळद लालभडक झाली. हसू एकदम विझलं. एवढ्यावरही लोक पुन्हा हात जोडायला लागले, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

मुक्ता आपल्या तळहाताकडे बघत राहिली. मला वाटलं, गेली पोरगी, पुन्हा गेली. मग ती हळू आवाजात म्हणाली, "माई, मागच्या वेळी तुम्ही डावा गडू उचलला होता. आज उजवा का उचलला?"

माई म्हणाल्या, देवीची इच्छा.

"मग आता डाव्यातलं तीर्थ टाका."

माईंनी गडूवर हात ठेवला. मुक्ता खाली उतरली, जेवणाच्या टेबलावर कोशिंबिरीसाठी कापून ठेवलेली लिंबाची फोड उचलून घेऊन आली, आणि सगळ्यांसमोर तळहातावर पिळली. लाल कुंकू पुन्हा पिवळंधमक झालं.

"उजव्या गडूत सोडा आहे," ती म्हणाली. "धुण्याचा असेल नाहीतर खायचा. डाव्यात नुसतं पाणी. हळद सोड्यात लाल होते आणि आंबटात परत पिवळी. शाळेत सगळ्यांनी केलंय हे. मीसुद्धा." मग तिचा आवाज फुटला. "मीसुद्धा केलंय."

हळदीचा डाग साबणाला लाल होतो हे आम्हा बायकांना काय कुणी शिकवायला हवं होतं? त्या हॉलमध्ये अशी एक बाई नव्हती जिने तसा डाग चोळला नाही. पण तो डाग साडीवर पडला की आपण साबणाला नावं ठेवतो, आणि तळहातावर पडला की पाया पडतो.

कुणीतरी माईंना जाब विचारायला लागलं. एकाने गडू उचलून वास घेतला. माई चौरंगावरून उतरल्या, आणि उतरता उतरता सगळा राग त्यांनी वासंतीवर काढला. तेव्हा देवी अंगातून गेलेली होती, आवाज अगदी साधा होता.

"मला काय माहीत म्हैस होती? तुम्ही घरातली बाई म्हणून सांगितलंत. आणि ते शीलाद्रुजा. तुम्हीच नक्कल करून दाखवलीत ना, म्हातारी कशी म्हणते म्हणून? पोट धरून हसत होतात. मला वाटलं तोच शब्द आहे."

वासंतीला खरा शब्द ठाऊक होता. पंचवीस वर्षं जर्मनीत राहिलेली बाई, तिला शिल्डड्र्यूझे कळत नसेल? मी फोनवर चुकत होते तेव्हा तिने मला एका शब्दाने सुधारलं नव्हतं. ती चूक तिने जपून ठेवली होती, तिच्या घरी माझ्या गोधडीत पाय गुरफटून बसलेल्या माईंना हसवायला.

मी तिला गाठलं हॉलच्या स्वयंपाकघरात. ती पुऱ्यांच्या परातीशी उभी होती, लाटत नव्हती, नुसती उभी. तिचा नवरा सुधीर दारात होता, त्याला मी बाहेर जायला सांगितलं.

ती म्हणाली, काकू, मी भल्यासाठी केलं. माई म्हणाल्या, ज्याचं जे दुःख असेल ते आधी सांगून ठेव, म्हणजे त्यांच्यासाठी जप करता येईल. मग लोक यायला लागले. मंडळाला माणसं येत नव्हती काकू, तुम्हीही बघत होतात, रिकाम्या खुर्च्यांपुढे किती वर्षं कार्यक्रम करायचे? मला ठाऊक नव्हतं त्या गोळी बंद करायला सांगतील.

"पण सांगितल्यावर तर ठाऊक झालं ना," मी म्हटलं. "तू स्टेजच्या बाजूला उभी होतीस. त्यानंतर रोज दुपारी मला फोन केलास. मुक्ता गोळी घेते का, एवढं एकदा तरी विचारलंस?"

ती रडायला लागली. मी तिला रडू दिलं. दुसरी कुणी असती तर मी तिला शेलक्या शब्दांत झोडपलं असतं, तो माझा स्वभाव आहे आणि त्याबद्दल मला लाज नाही. पण मुलगी मानलेल्या माणसाला शिवी देता येत नाही, आणि तिच्याजवळ बसताही येत नाही. मी मुक्ताचा कोट घेतला आणि आम्ही निघालो.

सोमवारी मुक्ताने सकाळी गोळी घेतली आणि घड्याळाकडे बघत ओट्याशी उभी राहिली. मी चहा टाकला नाही. नंतर डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, आकडा बिघडला होता, त्यांनी गोळीचं प्रमाण वाढवलं आणि मुक्ताला चांगलं फैलावर घेतलं. माझ्याकडे बघूनही काहीतरी म्हणाल्या, ते मला कळलं नाही, पण कळलं. ऑगस्टमध्ये ईप्सिता झाली. वजन चांगलं, आवाज माझ्यासारखा. मंडळातल्या एकीने म्हटलं, देवाची कृपा, चमत्कारच झाला. मी म्हटलं, गोळी झाली. वेळेवर घेतलेली, उपाशीपोटी.

अरुंधतीमाई नंतर दुसऱ्या कुठल्याशा शहरात गेल्या. तिथेही मंडळ असेल, हॉल असेल, कुणीतरी वासंती असेल. म्हणून हे लिहिते आहे. परक्या मुलखात आपण एकमेकांना धरून राहतो. आपलं दुःख मराठीत बोलायला मिळालं की आपण सगळं बोलून टाकतो. बोलावं. मी बोलू नका म्हणत नाही. पण उद्या कुणी चौरंगावर बसून तुमच्या घरातलं गुपित सांगायला लागलं, तर हात जोडण्याआधी एवढं आठवून बघा की हे आपण कुणाला सांगितलं होतं. कुणीतरी सापडेल. नक्की सापडेल. आणि कुणी काही बदलून दाखवलं, तर भांड्यात काय आहे ते विचारा. विचारल्याने जो देव रागावतो तो देव नसतो, भांडं असतं. आणि डॉक्टरची गोळी डॉक्टरला विचारल्याशिवाय सोडू नका, सांगणारा कुणीही असो.

वासंती अजून मंडळाचे कार्यक्रम करते. तिच्याशिवाय करणार कोण? गणपतीत आम्ही शेजारी उभ्या राहून मोदक वळतो. मी तिला विचारते, मीठ कुठे आहे, ती देते. ती मला अजून काकू म्हणते. दुपारी आमचा फोन वाजत नाही. गोधडी मी परत मागितली नाही, दिलेलं मी परत मागत नाही.

शिल्डड्र्यूझे मला आता नीट म्हणता येतं. मुक्ताने शिकवलं. तरी रोज सकाळी मी तिला जुन्याच शब्दात विचारते, शीलाद्रुजेची गोळी घेतलीस का गं. ती हसते आणि हो म्हणते. ती माझ्या तोंडावर हसते, म्हणून चालतं.